रानमोडी कापायची नव्हे, उपटायची

माननीय संपादक महोदय,

दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या ग्रामपंचायतीतर्फे ग्रासकटर लावून रस्त्याकडेचे रान कापले जाते आणि चार दिवस गाव उजळल्यासारखे दिसते. यंदा मी या कामामागून थोडे अंतर चालत गेलो. उपयोगी टाकळ्याचे शेंगा धरलेले ताटवे अगदी जमिनीलगत छाटलेले होते, आणि कळ्यांनी भरलेल्या रानमोडीच्या उपद्रवी झुडपांचे मात्र शेंडे तेवढे उडवून वीतभर बुंधे जागच्या जागी राखलेले होते. दोष मजुरांचा नाही. काय राखायचे आणि काय मुळासकट काढायचे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

वास्तविक रानमोडी ओळखणे मुळीच अवघड नाही. पाने समोरासमोर, कडा दातेरी, पानाच्या बुडाजवळून निघणाऱ्या तीन ठळक शिरा, आणि पान चुरगळताच नाकात भरणारा उग्र दर्प. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले हे झुडूप एकोणिसाव्या शतकात भारतात आले. कोयती लागली की आम्ही लहानपणी याचाच पाला चोळून रक्त थांबवत असू, त्यामुळे पुष्कळांना ते इथलेच औषधी झाड वाटते. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि पडीक वरकस जमिनीत एकदा शिरले की खाली गवताची काडी उगवू देत नाही. डिसेंबर-जानेवारीत त्याला पांढुरक्या, किंचित जांभळट फुलांचे झुबके येतात. त्याचे बी म्हणजे एक बारीक काळी काडी आणि तिच्या टोकाला पांढऱ्या केसांचा तुरा. शिमग्याआधी साफसफाईची दुसरी फेरी होते तेव्हा हे बी पिकलेले असते. ग्रासकटर ते उधळतो, वारा पुढे नेतो, आणि उरलेले मजुरांच्या विजारींना चिकटून पुढच्या वाडीत पोहोचते. म्हणजे पंचायतीचा पैसा खर्चून आपण पेरणीच करतो!

वणव्यांच्या बाबतीतही हेच झुडूप आपल्याला नडते. उन्हाळ्यात त्याच्या सुकलेल्या काड्या भडाभडा पेटतात आणि आग जमिनीलगतच्या पाचोळ्यातून काजूच्या फांद्यांपर्यंत चढते. आगीत काजू-आंब्याची कोवळी कलमे जातात, रानमोडीचा जमिनीतला गड्डा मात्र शाबूत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर त्याला धुमारे फुटतात. म्हणून रान जाळून रानमोडी हटवू पाहणाऱ्या बागायतदारांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, त्यांनी एकदा जळलेल्या जागी जुलैत जाऊन पाहावे.

गाजरगवत हे आमच्याकडे त्या मानाने नवे. रस्त्याच्या भरावातून आणि घाटावरून येणाऱ्या शेणखताबरोबर ते येते, असे माझे निरीक्षण आहे. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून ते हातमोजे घालूनच उपटावे. टाकळ्याच्या दाट वाढीपुढे हे गवत दबते, हे कृषी शास्त्रज्ञांनी पूर्वीच सांगितले आहे. पावसाळ्यात ज्याची भाजी आपण आवडीने खातो, तोच टाकळा बी धरण्याच्या ऐन वेळी छाटून आपण गाजरगवताला जागा मोकळी करून देतो.

तणनाशकाची फवारणी हा सोपा मार्ग वाटतो. परंतु आपल्याकडचा रस्ता कुठे ना कुठे पऱ्याला (ओढ्याला) किंवा विहिरीला लागूनच जातो. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक कोणीही फवारू नये, ते केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फत वापरावे, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढली होती, याचा आमच्याकडे कोणाला पत्ताही नसतो.

माझी सूचना साधी आहे. गणपतीच्या आधी प्रत्येक वाडी आपापली पाखाडी (पायवाट) साफ करते. त्या वेळी जमीन ओली असते, रानमोडी फुलावर आलेली नसते आणि वर्षाचे रोप हाताने ओढले तरी मुळासकट निघते. जुन्या गड्ड्याला मात्र कुदळ लागते. उपटलेली झुडपे फुलण्यापूर्वीचीच असल्याने कलमांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून खुशाल वापरता येतात, फक्त मुळे वर करून टाकावीत. गाजरगवत जागृती सप्ताहही 16 ते 22 ऑगस्टलाच असतो. जमिनीतले बी एका वर्षात संपत नाही, त्यामुळे त्याच जागी निदान तीन-चार पावसाळे फिरावे लागेल.

तेव्हा येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दिवाळीनंतरच्या कापणीचा निधी ऑगस्टकडे वळवण्याचा ठराव गावोगावी मांडला जावा, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या दोन तणांचे व टाकळ्याचे रंगीत फोटो असलेला एक फलक प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावा, अशी विनंती मी आपल्या पत्राद्वारे करीत आहे. फलकावर मजकूर थोडा असला तरी चालेल. पानाच्या तीन शिरा मात्र स्पष्ट दिसल्या पाहिजेत.

आपला,
एक काजू बागायतदार,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी