बंड्याला कुवेतला पाठवावं का?

फरवानिया, कुवेत
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

ती. नाना आणि ती. आईस साष्टांग नमस्कार.

नाना, तुमचा व्हॉट्सअॅपवरचा लांबलचक निरोप ऐकला. फोनवर उत्तर द्यायला गेलो की आई मध्येच भातलावणीचं नि गणपतीच्या मखराचं काढते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहून पाठवतोय. बंड्या राजापुरातून प्रिंट काढून आणेल. चष्मा लावून सावकाश वाचा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बंड्याच्या हातात कुवेतच्या नोकरीचं पत्र आहे, पण मे महिन्यात आपल्याकडे लढाई, जूनमध्ये इकडे क्षेपणास्त्रं, आता तिकडे थायलंड-कंबोडियाही पेटले; मग पोराला आगीच्या तोंडी कशाला द्यायचं? टीव्हीवर तर युद्ध रोजच होतं, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण माझं मत सांगतो. एका शेजाऱ्याने दुसऱ्याचा देशच गिळावा, असं युद्ध आज क्वचितच होतं आणि गिळलेलं पचतं तर त्याहून कमी. उलट चार-पाच दिवसांची जाळपोळ पूर्वीपेक्षा सोपी झालीय, आणि दर वेळी ती थोडी पुढे सरकते. टीव्हीवाले पहिल्या प्रकाराची भीती घालतात. आमच्या कंपनीतले शिकलेसवरलेले लोक ‘आजच्या काळात युद्ध कोणाला परवडतंय’ म्हणत दुसऱ्याकडे कानाडोळा करतात. मला दोन्ही पटत नाही.

गिळण्याचं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यात उभं आहे. रत्नागिरीचा थिबा राजवाडा शाळेच्या सहलीत तुम्हीच दाखवलात. तेव्हा मला एवढंच कळलं की ब्रह्मदेशचा एक राजा इथे राहायचा. आता त्यामागची गोष्ट जास्त लागते. सागवानाच्या एका कंपनीला झालेला दंड हे निमित्त, १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज इरावती नदीतून वर गेली, दोनेक आठवड्यांत मंडालेला राजा शरण आला आणि देशाचा हिशेब संपला. थिबाला आणून रत्नागिरीत ठेवलं, १९१६ साली तो तिथेच गेला. कुठल्याही तिसऱ्या देशाने ‘त्याचं राज्य परत द्या’ म्हणून बोट उचललं नाही. त्या काळी शेजारी बलवान असणं म्हणजे असं होतं.

आता कुवेतचं पाहा. उद्या २ ऑगस्ट, इराकने कुवेत गिळलं त्याला बरोबर पस्तीस वर्षं होतील. भाऊकाका तेव्हा इथेच होता; त्याचं तुम्हाला मी काय सांगणार, सहार विमानतळावर त्याला आणायला तुम्हीच गेला होतात. पण तो तिथे घडलेलं सांगायचा, त्यामागचं त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं. इराणशी आठ वर्षं लढून इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन कर्जात बुडालेला, त्यातलं बरंच कर्ज कुवेतचंच. तेलाचा भाव पडलेला, आणि कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढून तो आणखी पाडतोय हा त्याचा राग. जुलैत त्याने सरहद्दीवर रणगाडे आणून उभे केले. सगळ्यांना वाटलं, दमदाटी करतोय, थोडे पैसे काढेल आणि मागे जाईल. कुवेतच्या राज्यकर्त्यांना वाटलं, आजूबाजूच्या अरब देशांना वाटलं, अमेरिकेलाही वाटलं. १ ऑगस्टला जेद्दाहमधली बोलणी फिसकटली आणि त्याच रात्री रणगाडे निघाले. भाऊकाका म्हणायचा, रात्री जेवून झोपलो तो कुवेतमध्ये आणि उठलो तो इराकमध्ये. पुढे सद्दामने कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत जाहीर केला, म्हणजे काकाचं म्हणणं कागदावरही खरं झालं.

पण थिबासारखं झालं नाही. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने माघारीचा ठराव केला, तीसहून जास्त देशांच्या फौजा जमल्या आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मोकळं झालं. इथे २६ फेब्रुवारीला त्याची सुट्टी असते. अर्थात इथे तेल नसतं तर एवढे देश धावले असते का, हा प्रश्न इथले म्हातारे कुवेतीही खासगीत विचारतात. युक्रेनला २०२२ मध्ये शस्त्रं मिळाली, पैसे मिळाले, पण कोणी आपली फौज पाठवली नाही, कारण समोरच्याकडे अणुबाँब होते. म्हणजे वाचवायला कोणी येईलच असं धरून चालू नये. तरी गिळणाऱ्याला आज किंमत मोजावी लागते, एवढं नक्की. भाऊकाकाने ज्या पैशात पडवी चिरेबंदी केली तो चेक आठवतो? घाईने देश सोडाव्या लागलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने एकट्यामागे २,५०० आणि कुटुंबामागे ५,००० डॉलर असा दर ठरवला होता, तो पैसा इराकच्या तेलातून वसूल झालेला. एकूण ५,२४० कोटी डॉलर, आणि शेवटचा हप्ता इराकने दिला तो २०२२ च्या जानेवारीत. सद्दाम जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती.

त्याच माणसाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० मध्ये तो इराणवर का गेला? तिथे नुकतीच क्रांती झालीय, सैन्य विस्कटलंय, आठवड्यांत काम होईल, असा हिशेब. शत्त अल-अरब नदीतली हद्द हे भांडणाचं एक कारण. आठ वर्षांत लाखो माणसं मेली आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये, कुवेतमध्ये अडकल्यावर, त्याने ती हद्द इराणला पुन्हा पहिल्यासारखी मान्य करून टाकली. युद्ध परवडत नाही हे खरंच आहे हो, पण ते सुरू करणाऱ्याला आधी नेहमी स्वस्त वाटतं. ‘परवडत नाही म्हणून होणार नाही’ या म्हणण्यात खोट आहे ती हीच. आणि व्यापाराने भांडण थांबतं म्हणावं तर गलवानमध्ये २०२० साली आपले वीस जवान गेले, तरी चीनशी आपला व्यापार वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या पुढे आहेच.

तुम्ही म्हणालात, दोन देशांचं भांडण म्हणजे आपलं नि खालच्या वाडीचं गडग्याचं, हद्दीच्या दगडी बांधाचं भांडण. तसं आहे, पण एका फरकाने. गडग्याची तारीख राजापूरच्या कोर्टात पडते आणि निकाल लागला की तो मानायला लावणारा पोलीस मागे असतो. थायलंड-कंबोडियाच्या डोंगरावरच्या प्रेह विहार देवळाचा निकाल हेगच्या न्यायालयाने १९६२ सालीच कंबोडियाच्या बाजूने दिला. वाद फ्रेंचांच्या काळातल्या नकाशाचा. तरी आजूबाजूची देवळं नि टेकड्या धुमसत राहिल्या आणि गेल्या आठवड्यात एकाने रॉकेटं टाकली, दुसऱ्याने विमानं पाठवली. पाच दिवसांनी, सोमवारी मध्यरात्री थांबले.

आता आपलं आणि पाकिस्तानचं, कारण तुमची खरी झोप त्यानेच उडालीय. मेमध्ये मॉक ड्रिलच्या यादीत रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं नाव आलं तेव्हा आईने मला एका दिवसात किती फोन केले! तुम्हाला १९७१ चं गिरणगाव आठवलं असेल, काचांना काळे कागद आणि रात्री भोंगे. पण ते युद्ध आणि आजचं यात मोठा फरक आहे. १९९८ च्या मे महिन्यात दोघांनी अणुस्फोट केले, आणि लोक म्हणाले आता लढाई होणं नाही. वर्षभरात कारगिल झालं. पण झालं तेही बांधून घेतल्यासारखं, आपल्या विमानांना नियंत्रणरेषा ओलांडायची परवानगी नव्हती. अणुबाँबने लढाई थांबली नाही, तिची हद्द आखली गेली. आणि ती हद्द हळूहळू सरकतेय, हे मला काळजीचं वाटतं. २०१६ मध्ये रेषेपलीकडे थोडं आत, २०१९ मध्ये बालाकोट, या मेमध्ये थेट पाकिस्तानी पंजाबातलं बहावलपूर आणि मुरीदके, मग हवाई तळ, ड्रोन. दर वेळी मागच्यापेक्षा एक पायरी वर. पायरी नेमकी कुठे संपते हे दोन्हीकडच्या कोणालाच आधी कळणार नाही.

तरीही १० मेच्या दुपारी ३:३५ ला त्यांच्या लष्करी मोहिमांच्या प्रमुखांचा आपल्या प्रमुखांना फोन आला आणि पाचला गोळीबार थांबवायचं ठरलं. तो फोन चालू होता, हे मला सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. दुसरं एक तुम्हाला ठाऊक नसेल. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा या दोन देशांत १९८८ चा करार आहे, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांची यादी दुसऱ्याला देतात. कारगिलनंतरही दिली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही दिली. समोर माडबनच्या सड्यावर अणुवीज प्रकल्प झालाच, तर त्याचंही नाव त्या कागदावर इस्लामाबादला जाईल. (प्रकल्पाला तुमचा विरोध आहे तो आहेच, त्यात मी पडत नाही.) तुरुंगातले कैदी आणि पकडलेले मच्छीमार यांच्याही याद्या जानेवारी-जुलैत बदलतात, यंदा मेमधली लढाई होऊनही १ जुलैला बदलल्या. पालघरकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि तिकडे अडकतात, त्यांच्या घरच्यांना त्या यादीची किंमत विचारा. म्हणून मी बातम्यांत कोण काय गरजलं ते ऐकत नाही. फोन उचलला जातोय का, याद्या जातायत का, ते बघतो. सिंधूच्या पाण्याचा १९६० चा करार तीन युद्धांतून टिकला होता, तो या एप्रिलमध्ये स्थगित झाला. आपल्या बाजूने कारण मोठं होतं, पहलगामला सव्वीस माणसं मारली, तरी असा एकेक धागा सुटतो तेव्हा मला टीव्हीवरच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त धास्ती वाटते.

इथे आमच्या गोदामात सियालकोटचा एक ड्रायव्हर आहे. त्या चार दिवसांत तो त्याचं चॅनल बघायचा, मी माझं, आणि दोन्हीकडे रोज विजय होत होता. माल मात्र दोघांनी मिळून उतरवला. त्याच्या आईचेही फोन येत होते.

आता बंड्याचं. पाठवा. पण भाऊकाकाचं झालं तसं होऊ नये म्हणून काही गोष्टी मी ठरवून टाकल्यात. काकाचे सगळे पैसे इथल्या बँकेत होते आणि कुवेती दिनार रातोरात इराकी दिनारच्या बरोबरीला आणला गेला. बंड्याचा पगार दर महिन्याला गावच्या खात्यात यायचा, इथे फक्त खर्चापुरता. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्राची एकेक प्रत तुमच्या ट्रंकेत राहील. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात दूतावासात नाव नोंदवायचं. १९९० मध्ये बगदाद-अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० भारतीय विमानाने बाहेर काढले, ते शक्य झालं. पण ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांचे हाल काकाने डोळ्यांनी पाहिलेत, त्यालाच विचारा. जून महिन्यात कतारवर क्षेपणास्त्रं पडली त्या रात्री इथलं आकाशही काही तास बंद होतं आणि मग उघडलं. असं पुन्हा होईल. एक रात्र फोन लागला नाही तर लगेच देव पाण्यात घालू नका, एवढं आईला समजावून ठेवा.

मेडिकलची तारीख त्याने मुंबईला गणपतीआधीचीच घ्यावी, नंतर चाकरमान्यांच्या गर्दीत परतीची गाडी मिळायची नाही. आणि शुक्रवारी दुपारी मला फोन कर म्हणावं, करारातल्या ओव्हरटाइमच्या कलमाबद्दल एजंटला काय विचारायचं ते सांगतो.

तुमचा,
सुधीर