सूचना : गटारीच्या संध्याकाळची मीटिंग

मंडळी, नमस्कार.

आषाढ अमावस्येला, म्हणजे लोकांच्या गटारीला, आपली एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची) मीटिंग अर्धा तास आधी, साडेसहाला सुरू होईल. जागा तीच, शाळेचा मागचा वर्ग. बाक छोटे, गुडघे अडकतात. पण घरी बसून "कुठे आहेस, ये ना" असे फोन घेण्यापेक्षा बरं. चहा आहे.

गावी जाणाऱ्यांनी निघण्याआधीच तिथली मीटिंग शोधून ठेवा. हेल्पलाइनवर तालुका सांगून जवळचा ग्रुप, वार आणि वेळ विचारा. मग तिथल्या माणसाशीही एकदा बोला. छापील वेळापत्रकावर विसंबून मी एसटीने दीड तास गेलो आणि दाराचं कुलूप बघून परत आलो होतो. घरच्यांना सोबत न्यायचं तर मीटिंग 'ओपन' आहे ना, हे विचारा. 'क्लोज्ड'मध्ये फक्त आपल्यासारखेच बसतात. फी कुठेच नसते. तिथे दोनच माणसं दिसली तरी मागे फिरू नका. १९३५ साली अमेरिकेत हे सगळं दोघांच्या बोलण्यातूनच सुरू झालं.

नवीन कुणाला आणत असाल, तर एक लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि त्याला दारात सोडून जाऊ नका, शेजारी बसा.

मीटिंगचे फोटो, कुणाची आडनावं इथे टाकू नयेत.

– सेक्रेटरी