पंप घ्यायच्या आधी टाकी मोज

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, वाळलेलं गवत वणवा लागायच्या आत आपणच पट्ट्यापट्ट्याने जाळून टाकायचं हे बरोबरच आहे, पण "किती एचपीचा पंप घेऊ" हा प्रश्न उलटीकडून विचारतोयस रे. आधी सांग, पाणी कुठून उचलणार? विहिरीतून की ट्रॉलीवरच्या टाकीतून?

मी तिथंच फसलो होतो. दोन इंची पेट्रोल पंप, मिनिटाला 500 लिटर फेकतो म्हणून जाम खूश, आणि टाकी 1000 लिटरची. कर हिशोब. दोन मिनिटांत टाकी कोरडी, कड धुमसतेय ती धुमसतेच, वर पंप रिकामा फिरून सील गेलं ते वेगळंच. शेवटी हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवलं. मिनिटाला 20 लिटरचा बॅटरीवरचा छोटा डायफ्राम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा) असता तर तेवढंच पाणी 50 मिनिटं पुरलं असतं. गवताच्या जाळाला तेवढं चालतं, कारण कडेचा पट्टा आधी साफ केलेला असतो आणि पाणी फक्त ती कड ओली ठेवायला, उडालेली ठिणगी मारायला लागतं. ओंडके, दाट झुडपं असतील तर मात्र हे खेळणं नेऊ नकोस.

विहीर, तळं जवळ असेल तर इंजिनवाला पंप घे, पण लेबलवरचे दोन आकडे, म्हणजे मिनिटाला किती पाणी आणि किती हेड (पाणी किती उंच चढतं ते), एकदम मिळतात असं समजू नकोस, सगळ्यात जास्त हेड असतो तेव्हा पाणी जवळजवळ शून्य. 30 मीटर हेड म्हणजे साधारण 3 बार दाब, त्यात तुझा चढ 20 मीटरचा असेल तर 2 बार चढण्यातच गेले, उरलेलं पाईप खातो. तिथं दोन इंपेलरचा (पाणी ढकलणाऱ्या दोन चाकांचा) हाय प्रेशर पंपच हवा. सक्शनचं, म्हणजे पंप खालून पाणी किती वर ओढतो त्याचं म्हणशील तर पुस्तकात 10 मीटर, खरं 6-7 मीटरच्या पुढे आशा नको, म्हणून पंप पाण्याजवळ ठेव आणि डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी पुढे नेणारा पाईप लांबव. फुटवॉल्व्हला (पाण्यात बुडालेल्या पाईपच्या टोकाच्या झडपेला) जाळी लाव, नाहीतर शेवाळ अडकलंच म्हणून समज.

विजेच्या मोटरवर विसंबू नको, लाईट गेली किंवा वायर जळली की संपलं. पेट्रोल आधीच भरून ठेव, तापलेल्या इंजिनात ओतू नको (हसतोस काय, मी ओतताना पाहिलंय). प्लास्टिकचा पाईप गरम राखेवरून ओढला की भोक. आणि पाठीवरचे 16 लिटरचे दोन फवारे भरून हाताशी ठेवच, तणनाशकाचे असतील तर आधी नीट धुऊन.

आदल्या दिवशी सगळा पाईप अंथरून, शेवटच्या टोकाला उभा राहून बघ धार किती लांब जाते. टाकी केवढी आणि चढ किती ते कळव, मग नोझलचं बोलू.

तुझाच