विहिरीवरची मोटार आणि नातवाची अकरावी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

दादाच्या पोराने आयटीआयचं नाव काढलं आणि घरात जेवणं अबोल झाली, असं आई म्हणाली. बाबा, तुम्हाला नातू डॉक्टर किंवा इंजिनिअर झालेला हवा, आणि त्यावर फोनवर आपला नुसता वाद होतो, म्हणून लिहितेय.

आधी वर्षं मोजू. पोरगं आत्ता 16 चं आहे. डॉक्टरकी म्हणजे अकरावी-बारावीची 2 वर्षं, एमबीबीएसची साडेचार आणि इंटर्नशिपचं 1. नीटची प्रवेश परीक्षा पहिल्या झटक्यात निघाली तरी वय साडेतेवीस. हल्ली गावातली माणसंसुद्धा एमडी आहे का विचारतात, त्याची आणखी 3. रिपीट केलं की दरवेळी 1 वाढवायचं. इंजिनिअर व्हायला 22. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय 2 वर्षांचा, त्यावर वर्षभर अप्रेंटिसशिप. म्हणजे 19 व्या वर्षी कामाला लागला.

आणि आयटीआयला गेला म्हणजे तिथेच अडकला, असं नाही. 2 वर्षांचा ट्रेड पास झाला की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजलाही डिप्लोमाची पोरं तशी येतात. 2, 2 आणि 3 मिळून 7 वर्षं, म्हणजे 23. सरळ रस्त्याने जाणाऱ्यापेक्षा एक वर्ष जास्त, अप्रेंटिसशिप धरली तर दोन. मात्र पोरं अडखळतात ती गणितात, कारण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलंच नसतं. ते त्याने आयटीआयच्या सुट्ट्यांत उरकायला हवं. डॉक्टरकीचं दार मात्र या रस्त्याने बंदच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता 'हातकाम म्हणजे डोकं नको' हे जे बाबा म्हणतात, त्याबद्दल. आपल्या विहिरीवरची 5 एचपीची थ्री फेज मोटार जळली. ती नीट चालते तेव्हा साडेसात अँपिअरच्या आसपास करंट घेते. तीनपैकी एक फेज, म्हणजे विजेची एक तार, गेली आणि मोटार दोनावरच ओढत राहिली, की उरलेल्या तारांतून तेराच्या आसपास जातो. फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बायपास केलेला, किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत, फ्यूज तारेऐवजी वायरीची तीन पदरं पिळलेली, म्हणजे थांबवणारं कुणीच नाही. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, उघडली की जळाल्याची नक्षी बघून कारण कळतं. कॉइलं जोडायच्या पद्धती दोन, स्टार आणि डेल्टा. स्टार जोडणीत दोन फेजची कॉइलं काळी आणि एकाची शाबूत, किंवा डेल्टात एकाचीच काळी आणि दोन चांगली, तर फेज गेलेला. सगळी सारखीच काळी, तर जादा लोड, कमी व्होल्टेज किंवा अडकलेला पंप. एकाच ठिकाणी भोक, तर तिथे इन्सुलेशन फाटलेलं. हे न बघता नुसती नवी तार भरून दिली, तर महिन्यात परत त्याच दुकानात.

भरतानाही तेच. जुनी तार काढण्याआधी तार बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट, किती, कॉइल कितव्या स्लॉटातून कितव्यात, वेढे किती, तार कोणत्या गेजची, जोडणी कशी, हे वहीत उतरवायचं. घाईत स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाला, जाळ लावून तार मोकळी केली, तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मोटार रिकामी फिरतानाही तापते. शेवटी इन्सुलेशन तपासायच्या 500 व्होल्टच्या मेगरवर 1 मेगओहमच्या आत दाखवलं, तर ओल आहे, पुन्हा सुकवायची. (पंपांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी 1910 पासून आपल्या शेजारी आहे, तरी पंपाची नाडी बघणारा माणूस मिळायला आपल्याला चार दिवस लागतात!)

विट्याकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, मंडळी कागदाशिवाय देशभर दुकानं चालवतात, हे बाबा सांगतीलच. पण विजेच्या कामात कागद लागतो. नवीन कनेक्शनचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराच्याच सहीने चालतो. परवाना नसेल, तर जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली काम आणि मजुरीत त्याचा वाटा.

म्हणून आयटीआय निवडताना इमारत बघू नका. ट्रेडला केंद्राची मान्यता (पूर्वी तिला एनसीव्हीटीची म्हणायचे) आहे का ते विचारा. मग वर्कशॉपमध्ये जा. एका तुकडीत 20 पोरं असतात. त्यांनी भरलेल्या मोटारी दाखवा म्हणायचं. मोटारींवर धूळ असेल, तर दुसरीकडे चला. ऑनलाइन फॉर्मला पसंतिक्रम फार जपून भरा. पहिल्या पसंतीची जागा मिळूनही घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. तेव्हा जवळ आहे म्हणून नको असलेला ट्रेड एक नंबरला टाकू नका.

काम अंगावर येणारं आहे, हेही खरं. चाळिशीनंतर गुडघे आणि कंबर बोलतात, आणि लाइन बंद केली असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून हात घालणारा माणूस एक दिवस जातो. शिडीवरून खाली यायचं, तर तोवर परवाना आणि स्वतःचं दुकान हवं.

त्याला जीवशास्त्र खरंच आवडत असेल, तर मी एक शब्द बोलणार नाही. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्या, म्हणजे इंजिनिअरिंगही हातचं जात नाही. पण हे त्याला विचारलंय का कुणी?

आई, रविवारी मोटार रिवाइंडिंगला नेतील तेव्हा त्याला बाबांसोबत धाड. दुकानदाराने कव्हर काढलं की बाबांनी गप्प बसायचं आणि कॉइलं किती काळी, ते त्याला मोजू द्यायचं.

तुमची,
लेक