बाटलीवरचे साल

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एकाच बागेतल्या, पण लागोपाठच्या दोन सालांच्या वाइनच्या बाटल्या तुझ्याकडे आल्या आहेत आणि त्यांतली कोणती आधी उघडावी, असे तू विचारले आहेस. विचारताना ‘ज्या वर्षी ऊन जास्त, त्या वर्षीची वाइन सरस’ असे सूत्रही तू स्वतःच मांडून मोकळा झाला आहेस. त्या सूत्राशी माझे भांडण आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबणार.

बाटलीवरचे साल हे द्राक्षतोडणीचे साल असते, हे आधी ध्यानात घे. त्या वर्षी एकूण ऊन किती पडले आणि पाऊस किती झाला, यावर वाइनचा कस ठरतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते; पण माझ्या मते एकूण बेरजेपेक्षा ऊन आणि पाऊस कोणत्या आठवड्यात आले, हे अधिक मोलाचे असते. हिवाळ्यातला पाऊस खोल जमिनीत मुरतो आणि कोरड्या उन्हाळ्यात वेलीला पुरतो, म्हणून तो हवासा असतो. तोच पाऊस फुलोऱ्यात आला तर फळ धरत नाही, आणि तोडणीच्या तोंडावर आला तर हातातोंडाशी आलेला घास हिरावून नेतो.

वसंतात दिवसाचे सरासरी तापमान सुमारे 10 अंश सेल्सिअसच्या वर स्थिरावले की वेलीचे डोळे फुटू लागतात आणि तेव्हापासून बागायतदाराची झोप उडते, कारण कोवळ्या फुटीला जाळायला एका रात्रीचे दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पुरते. फ्रान्समध्ये 2021 च्या मार्चमधल्या उबेने वेली लवकर जाग्या झाल्या आणि एप्रिलच्या कडाक्याने त्यांना गाठले. रात्र रात्र बागांतून मेणाच्या शेगड्या पेटवाव्या लागल्या. तिथल्याच शाब्ली या भागातल्या काही बागांत तर फुटीवर पाण्याचे फवारे मारतात. गोठताना पाणी उष्णता सोडते, त्यामुळे बर्फाच्या कवचातला अंकुर शून्याच्या फारसा खाली जात नाही. बर्फापासून वाचवायला बर्फच वापरायचा, ही युक्ती मला फार आवडते.

मात्र दहिवराने पीक घटते म्हणजे वाइनही हलकी होते, असे समजू नकोस. फ्रान्सच्याच बोर्दो या वाइनच्या प्रदेशात 1945 च्या मे महिन्यात दहिवर पडले आणि पीक अगदी थोडे आले. पण पुढचा उन्हाळा उष्ण आणि कोरडा गेला आणि त्या सालची वाइन विसाव्या शतकातल्या सर्वोत्तमांत गणली गेली. त्याच बोर्दोमध्ये 1991 च्या एप्रिलमध्ये दहिवराने पहिली फूट जळाली. नंतर आलेली दुसरी फूट मागे पडली, तिची द्राक्षे पिकायला उशीर झाला आणि तेवढ्यात पावसाने गाठले. तेव्हा ‘पीक थोडे, म्हणून वाइन थोर’ हेही सूत्र होऊ शकत नाही. 1982 मध्ये तर पीकही भरघोस होते आणि वाइनही उत्तम.

फुलोरा दहा-बारा दिवसांत उरकला तर उत्तम. थंडी-पावसात तो रेंगाळतो, फुले गळतात, किंवा एकाच घडात काही मणी टपोरे तर काही ज्वारीच्या दाण्याएवढे राहतात. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत साधारण शंभर दिवस लागतात. म्हणजे जूनमधला हा विस्कळीतपणा सप्टेंबरमध्ये पुन्हा समोर येतो आणि निम्मी द्राक्षे पिकलेली, निम्मी आंबट, अशा बागेत तोडणीचा योग्य दिवस कोणता, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

उन्हाळ्यात वेल थोडी तहानलेली असावी. पाणी मुबलक मिळाले तर ती शेंडे वाढवत बसते. मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे ते मऊ होऊन रंग धरू लागण्याच्या, सुमारास जमीन कोरडी पडत गेली, की शेंडा थांबतो, पानांनी केलेली साखर घडांकडे वळते आणि मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक असते, आणि लाल वाइनचा रंग, तिचा तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा वाटा सालीतूनच येतो. वर्षालाही साल आणि द्राक्षाच्या आवरणालाही साल म्हणणाऱ्या आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक होते की काय, असे मला अनेकदा गमतीने वाटते.

तुझे सूत्र मोडते ते इथे. तापमान 35 अंशांच्या पलीकडे गेले की पाणी वाचवण्यासाठी पान आपली रंध्रे मिटते आणि साखर करण्याचे काम मंदावते. मणी उन्हाने भाजतात, सुकतात. सुकल्यामुळे गोडी वाढलेली दिसते, पण साल आणि बी मात्र कच्चीच राहतात. शिवाय द्राक्षातले मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्ची पडते, आणि रात्रीही गार झाल्या नाहीत तर वाइनचा ताजेपणा हरवतो. युरोपातल्या 2003 च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्सच्या बोजोले भागात ऑगस्टच्या मध्यालाच तोडणी सुरू झाली. त्या सालच्या पुष्कळ वाइन जड, सपाट आणि लवकर वय झालेल्या निघाल्या, आणि तरीही ऊन मात्र भरपूर होते!

तोडणीच्या वेळच्या पावसाबद्दल एकच साल सांगतो. 1964 मध्ये बोर्दोत उन्हाळा छान गेला होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला तो थांबेना. बोर्दोतल्याच पोमरोल आणि सेंतेमिलियाँ या भागांकडे मर्लो ही लवकर पिकणारी जात अधिक असल्याने तिथली बरीच द्राक्षे तोपर्यंत घरात आली होती. बोर्दोच्याच मेदोक भागात कॅबर्ने सोव्हिन्याँ ही जात अधिक, आणि ती उशिरा पिकते. तिथे जे थांबले त्यांचे मणी फुगले, रस पातळ झाला, घड कुजले. त्यामुळे एकाच सालाविषयी बोर्दोच्या दोन भागांत दोन निवाडे झाले. सालांच्या गुणपत्रिका छापणाऱ्यांनी पूर्ण प्रदेशाला एकच आकडा द्यावा, याचे मला म्हणूनच नवल वाटते.

आणि बुरशी नेहमीच वैरी नसते. बोर्दोतल्या सोतेर्न या गोड वाइनच्या भागात शरद ऋतूत सिराँ नदीच्या थंड पाण्यामुळे सकाळी धुके पडते, दुपारी ऊन येते. त्या आलटून-पालटून हवेत बॉट्रायटिस बुरशी मण्यातले पाणी उडवून गोडी घट्ट करते. दुपारचे ऊन आलेच नाही तर तीच बुरशी घडकूज ठरते. 2012 मध्ये हवा अशी बिघडल्याने तिथल्या शातो दिकेम या नामांकित वाइन उत्पादकाने आपल्या नावाची गोड वाइन काढलीच नाही.

तुला गणिताची आवड आहे, म्हणून हेही लिहितो. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ले ॲशेनफेल्टर यांनी हिवाळ्यातला पाऊस, वाढीच्या काळातले सरासरी तापमान आणि तोडणीपूर्वीचा पाऊस एवढ्यांवरून जुन्या बोर्दोच्या सालांचे भाव बऱ्याच अंशी सांगता येतात, असे दाखवले. चव न घेता निकाल देणे समीक्षकांना रुचले नाही. मला त्यांचे गणित मान्य आहे, पण त्यातले ‘उबदार म्हणजे चांगले’ हे गृहीतक ऊब दुर्मीळ होती तोवरचे आहे. फ्रान्समधल्या बोन या गावी 1354 ते 2018 पर्यंतच्या तोडणीच्या तारखांची नोंद जुळवली गेली आहे. तीत 1988 नंतरची तोडणी आधीच्या शतकांच्या मानाने सरासरी 13 दिवस अलीकडे सरकलेली दिसते. उणे 7 अंशांत गोठलेली द्राक्षे तोडून करायची आइसवाइन 2019 सालच्या द्राक्षांपासून जर्मनीत कुठेच करता आली नाही, कारण तेवढी थंडीच पडली नाही. तुझे सूत्र पन्नास वर्षांपूर्वीच्या बोर्दोत बरेचसे खपले असते. आज तिथलेच लोक सावलीचा उतार शोधत आहेत.

आता तुझ्या बाटल्यांकडे येतो. पहिले साल कडक उन्हाचे आणि दुसरे थंड, पण तोडणीच्या वेळी कोरडे होते, असे तू लिहितोस. तर उन्हाच्या सालची बाटली आधी उघड. तिची फळाची गोडी आत्ताच भरात असेल आणि आम्ल कमी असल्याने ती फार काळ टिकेलच असे नाही. दुसरी अंधाऱ्या, गार जागी आडवी ठेव आणि निदान तीन-चार वर्षे तिला हात लावू नकोस. ती उघडशील तेव्हा मला बोलाव. पहिलीविषयी मात्र पत्राने कळव, आणि घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटते की नाही, हे विसरू नकोस.

तुझा,
माधव