कवितेतला ‘मानव’ नेमका कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत गेले काही रविवार ‘निसर्ग’ आणि ‘समाज’ अशा दोन शीर्षकांखाली वाचकांच्या कविता प्रसिद्ध होत आहेत. हौशी कवींच्या या यमकांपेक्षा ती जागा पाणीकपातीच्या वेळापत्रकाला द्यावी, असा शेरा एका पत्रलेखकाने मागील आठवड्यात मारला आहे. तो मला मान्य नाही. ज्या शहरात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे आणि 2010 मध्ये ज्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले, तेथे नोकरी आणि संसार सांभाळून, लोकलमध्ये उभ्या उभ्या ओळी टिपणारी माणसे अजून आहेत, यात खेद करण्याजोगे काही नाही. मीही त्यांच्यापैकीच एक असल्यामुळे माझे मत तटस्थ मानू नये. मात्र या कवितांची बाजू घ्यायची, तर त्या नीट वाचून आणि जेथे खटकले तेथे तसे सांगूनच ती घेतली पाहिजे.

यातील निम्म्याहून अधिक कविता एकाच हाकेने सुरू होतात किंवा तिच्यापाशी येऊन थांबतात: हे मानवा, तू झाडे तोडलीस, डोंगर पोखरलेस, खाडी नासवलीस. तळमळीविषयी मला शंका नाही. परंतु पारसिकच्या डोंगरातील खाणीचा मालक आणि त्याच खाणीत घण घालणारा मजूर, उतारावरच्या बांधकामाकडे काणाडोळा करणारा अधिकारी आणि दरडीच्या भीतीने पावसाळ्यात रात्र जागून काढणारे झोपडीतले कुटुंब, हे सगळे त्या एका संबोधनात कोंबले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सारखाच दोष येतो. प्रत्यक्षात आपल्याकडे झाड तोडण्याची रीतसर नोंद असते. 1975 च्या राज्य कायद्यानुसार महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण झाडे तोडण्यापूर्वी जाहीर सूचना देते आणि नागरिकांच्या हरकती मागवते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे. अशा सूचना बारीक टायपात वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर छापल्या जातात, आणि त्यांत झाडांची संख्या, जागा आणि तोडण्याचे कारण दिलेले असते. ‘मानवा’ला हाक मारणाऱ्या कवींपैकी एकाने तरी अशी सूचना समोर ठेवून कविता लिहावी, असे मला मनापासून वाटते.

ऐरोलीच्या एका कवयित्रीची फ्लेमिंगोंवरील कविता अनेकांना आवडलेली दिसते. तिच्यात हे गुलाबी पाहुणे नवी मुंबईच्या स्वच्छतेवर प्रसन्न होऊन दरवर्षी खाडीत उतरतात. लय गोड आहे, पण समज चुकीचा आहे. धाकटे रोहित, म्हणजे हेच फ्लेमिंगो, येथे येतात ते प्रामुख्याने निळ्या-हिरव्या शैवालासाठी, त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही त्या शैवालातील रंगद्रव्यातून येतो, आणि ते शैवाल ज्या पोषकद्रव्यांवर फोफावते त्यांचा मोठा भाग आपल्या शहरांच्या सांडपाण्यातून खाडीत जातो. म्हणजे ज्या थव्यांची चित्रे आपण चौकाचौकांत रंगवतो, त्यांचा रंग काही अंशी आपल्याच गटारांनी पोसलेला आहे. कवयित्रीने हे मनावर घेतले असते तर कविता गोडव्यापलीकडे गेली असती. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर या आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, तरी 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या पाणथळीत मेलेले रोहित सापडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक पक्षी एका रात्रीत मेले. पाहुण्यांचे कौतुक करणाऱ्या कवितेत यापैकी काहीच येऊ नये, हे मला पटत नाही.

येऊरवरील कविता तर सरळ नाकाराव्यात अशा आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या कडेला राहणारी वारली स्त्री त्यांत ‘निसर्गकन्या’ होऊन डोक्यावर मोळी घेऊन हसत उभी असते. हीच बाई जूनच्या सुरुवातीला शेवळे ही रानभाजी आणि तिची खाज मारणारी काकडे ही आंबट रानफळे घेऊन जांभळी नाक्याच्या बाजारात बसते, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाईकाशी हुज्जत घालते आणि परतीच्या बसची वेळ डोक्यात ठेवते. तिला अल्लड आणि भोळी ठरवण्यात तिचा सन्मान कसा होतो, हे मला समजलेले नाही.

याउलट ‘समाज’ या शीर्षकाखाली आलेली नाका कामगारांवरची अष्टाक्षरीतील कविता मला निसर्गकविता म्हणूनच अधिक आवडली. गवंडी आणि बिगारी सकाळी नाक्यावर पर्जन्यवृक्षाखाली उभे आहेत, आभाळ भरून येताच झाडाची पाने मिटू लागतात आणि ती मिटलेली पाहून आज काम मिळणार नाही हे खाली उभ्या माणसांना कळते, एवढाच तिचा ऐवज आहे. पर्जन्यवृक्षाची पाने संध्याकाळी आणि ढगाळ हवेत खरोखरच मिटतात. कवीने हे स्वतः पाहिलेले असणार. झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील, माणसे मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेली, आणि दोघांच्याही पायाशी सिमेंट, हे कवीने न सांगताही वाचकाला दिसते. दोन चरणांत अक्षरे मोजून भरल्याचे जाणवते, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही.

सर्वांत सविस्तर लिहावेसे वाटते ते मात्र खाजणावरील, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या भातजमिनीवरील, कवितेविषयी. कवी बेलापूर पट्टीतील आगरी तरुण आहे, एवढाच परिचय आपण दिला आहे. त्याचा आजा पूर्वी उधाणाच्या रात्री बांधावर राखणीला जाई. बांधाला खांड पडली, तर खारे पाणी भातात शिरू नये म्हणून सारे गाव चिखलाचे गोळे घेऊन धावे. बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या उघाडीपाशी जिताडा मासा मिळे आणि चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत. आता तोच आजा त्याच जागेवरील टॉवरमध्ये रात्रपाळीचा रखवालदार आहे, आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडून तळघरातील वाहनतळात पाणी शिरते तेव्हा ते कोठून आले हे इमारतीत फक्त त्याला ठाऊक असते, कारण खांड नेहमी तेथेच पडत असे. पर्यावरण हा शब्द या कवितेत एकदाही नाही. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना होऊन ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. हा सारा इतिहास कवीने आज्याच्या एका टोमण्यात बसवला आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून धरण्यासाठी शहराच्या नियोजनात जे धारण तलाव ठेवले गेले, त्यांत आज गाळ साचून कांदळवन वाढले आहे. ते संरक्षित असल्याने गाळ काढण्याचा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशी जोडला गेला आहे. येथे वाचवायचे झाडही खरे आणि बुडणारे घरही खरे. ‘हे मानवा’ म्हणून असा पेच मांडता येत नाही. तो आज्याच्या तोंडून मांडता येतो, हे या तरुणाने दाखवून दिले आहे. त्याचे शेवटचे कडवे मात्र अनावश्यक आहे, कारण आधीच्या कडव्यांनी सांगितलेले ते पुन्हा समजावून सांगते.

या निमित्ताने आपणास दोन सूचना कराव्याशा वाटतात. ‘निसर्ग’ आणि ‘समाज’ ही दोन वेगळी शीर्षके काढून टाकावीत, कारण वरच्या दोन्ही चांगल्या कविता कोणत्या शीर्षकाखाली घालाव्यात हे आपल्यालाही सांगता येणार नाही. दुसरी सूचना खाजणाच्या कवितेबाबत आहे. आगरी क्रियापदांच्या मधोमध काही ठिकाणी अचानक पुस्तकी रूपे आली आहेत, त्यावरून छापताना बोलीतील काही शब्द प्रमाण भाषेत बदलले असावेत अशी मला शंका येते. तसे झाले असल्यास ती कविता मूळ शब्दांसह पुन्हा छापावी आणि कठीण शब्दांचे अर्थ हवे तर खाली द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक
कोपरी, ठाणे (पूर्व)