ॲव्हरेज किती देते?

पुणे,
१२ ऑक्टोबर

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने आधी पाऊसपाणी विचारलं, मग ओंकारचं होस्टेल विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगळं बरं आहे ना गं? पैशाची काही ओढाताण?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या काकूंची धाकटी मला गेल्या आठवड्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला दिसली होती. आम्ही एकमेकींना हातही केला होता. तिने घरी फोन करून सांगितलं असणार, मीनाताई सायकलवरून ऑफिसला जाते म्हणून.

आई, गाडी घरीच आहे. खाली कव्हर घालून उभी आहे आणि तिचे हप्ते कधीच फिटले. यांचंही काम व्यवस्थित चालू आहे. मी सायकलने जाते ती आवडतं म्हणून. हे मी फोनवर सांगितलं, पण तू नुसतं "बरं" म्हणालीस, आणि तुझं ते "बरं" मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहायला बसले. बाबांना मोठ्याने वाचून दाखव, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला इतक्यात ताण नको.

सुरुवात मागच्या दिवाळीनंतर झाली. गाडी चार दिवस गॅरेजला होती, सकाळच्या वेळी रिक्षा मिळेना, आणि ओंकार होस्टेलला गेल्यापासून त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. हवा भरून घेतली आणि निघाले. पहिल्या दिवशी पौड फाटा येईपर्यंत मांड्या भरून आल्या होत्या. पण ऑफिसात शिरले ती हसतच शिरले, समोरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं. चार दिवसांनी गाडी दुरुस्त होऊन आली, तरी पाचव्या दिवशी माझा हात सायकलच्या कुलपाकडेच गेला.

जायला सहा किलोमीटर, यायला सहा. बाबा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते, की भर कर्वे रोडने मी जात नाही. डहाणूकर कॉलनीतून आतल्या आत मयूर कॉलनी, तिथून पौड फाटा, नळ स्टॉपचा तेवढा एक मोठा चौक ओलांडला की लॉ कॉलेज रस्त्यावरून प्रभात रोडच्या गल्ल्यांत शिरायचं. मग डेक्कन, झेड ब्रिज, आणि पूल उतरला की नारायण पेठ. अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे आमचं ऑफिस. गाडीने यायचे तेव्हा ती लावायला जागा शोधण्यात रोज दहा मिनिटं जायची. सायकल वाड्याच्या बोळात भिंतीला टेकवली की झालं. जून महिन्यात तर मजा असते. शाळेच्या पुस्तकांच्या याद्या हातात घेऊन आईबाप चौकात दाटलेले असतात, गाड्या हलत नाहीत, आणि मी उतरून सायकल हातात धरून मधून निघून जाते.

एवढी वर्षं या शहरात राहते, पण कोथरूड नदीपासून किती वर आहे हे मला सायकलवर बसल्यावर कळलं. गाडीच्या आरशात चढ दिसत नाही, गुडघ्याला बरोब्बर कळतो. सकाळी नदीकडे जाताना सगळा उतार. पाय नुसते ठेवायचे. संध्याकाळी तोच रस्ता चढ होऊन समोर येतो. वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तो सकाळी पाठीत बसून ढकलत नेतो आणि संध्याकाळी छातीवर येतो. सकाळी उधार दिलेलं संध्याकाळी व्याजासकट वसूल. बाबा, पलूसहून किर्लोस्करवाडीला सायकलने कामावर जाताना तुम्हाला वारा कुठून लागायचा? मी तुम्हाला हे कधी विचारलंच नाही.

आणि रस्त्यावरची माणसं! गाडीवर होते तेव्हा माझ्याशी रस्त्यात कुणी बोलल्याचं आठवत नाही, भांडण सोडून. सायकलवर बसल्यापासून सगळं पुणं बोलायला लागलंय. नळ स्टॉपला सिग्नल लांबलचक असतो. एकदा शेजारी येऊन थांबलेल्या रिक्षावाल्या काकांनी सायकल वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ताई, ॲव्हरेज किती देते?" मी म्हटलं, "दोन पोळ्या आणि वाटीभर उसळीला बारा किलोमीटर." त्यांनी मान डोलवली, मागे बसलेल्या आजोबांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? आमची रिक्षा एवढ्यात जागची हलतसुद्धा नाही." तेवढ्यात सिग्नल सुटला. आता ते दिसले की लांबूनच ओरडतात, "आज काय, उसळ का?" मीही भाजीचं नाव सांगते. गेल्या सोमवारी शेपू होती, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

एकदा सायकलचा स्टँड खाली राहिला होता. डहाणूकर कॉलनी ते पौड फाटा एवढ्यात पाच जणांनी सांगितलं. एक जण तर उलट दिशेने येत होता, तो गाडी हळू करून "स्टँड, स्टँड!" म्हणत गेला. ओढणी घेतली असेल तर विचारूच नका, ती नीट बांधलेली असली तरी "ताई, ओढणी!" ऐकू येतंच. पूर्वी मला वाटायचं की या शहरात कुणाला कुणाचं पडलेलं नाही. आई, तुला काळजी वाटते ना, मी एकटी जाते म्हणून? एकटी कुठली, अर्धं कोथरूड माझ्या ओढणीवर लक्ष ठेवून असतं.

पावसाळ्यात ऑफिसात माझा भाव वधारतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि झेड ब्रिजवरून नदीचं सगळं पात्र दिसतं. मी रेनकोट झटकत जिना चढते तोवर वरून विचारणा होते, "पूल गेला का?" मी कठड्याशी थांबून बघूनच आलेली असते. किती चढलंय, रंग कसा आहे, काय काय वाहून चाललंय, सगळं सांगते. एका सकाळी पुराच्या पाण्यातून एक निळी प्लास्टिकची खुर्ची ताठ उभीच्या उभी वाहत चालली होती, जणू कुणी साहेब नुकतेच उठून गेलेत. ती खुर्ची दिवसभर आमच्या ऑफिसात पुरली.

संध्याकाळी त्याच पुलावर कॉलेजची पोरंपोरी जोडीजोडीने गाड्या लावून नदीकडे तोंड करून बसलेली असतात. तिथे मी घंटी वाजवत नाही.

वासांचं मात्र सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये करंजाची फुलं गळतात तेव्हा रस्त्याच्या कडेला लाह्या सांडल्यासारख्या दिसतात, आणि त्यावरून चाक गेलं की बारीक करकर होते. ती गाडीवर ऐकूच येत नव्हती. सध्या बुचाची फुलं चालू आहेत. प्रभात रोडच्या एका गल्लीत वळलं की आधी वास येतो, मग झाड दिसतं. लांब देठाची पांढरी फुलं रात्रभर पडलेली असतात. उतरून दोन उचलायची, हॅन्डलच्या तारेत खोचायची आणि पुढे. आई, तू आमच्या वेण्यांसाठी याच फुलांच्या देठात देठ गुंफून विनासुईचा गजरा करायचीस. मी करून पाहिला, माझा सुटतो.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला सांगितली नव्हती. रागवू नका. जुलैत मी पडले. पाऊस नुकताच पडून गेला होता, वळणावर गटाराचं लोखंडी झाकण होतं, त्यावर ब्रेक दाबला आणि चाक सरकलं. हेल्मेट होतं, कोपर आणि गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण त्यानंतर जे झालं ते मला विसरता येत नाही. भाजीची गाडी लावून उभी असलेली बाई धावली, तिने मला पाणी दिलं. एक शाळकरी मुलगा माझी चप्पल घेऊन आला. आणि इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाने काही न बोलता माझी सायकल उचलली, पुढचं चाक आपल्या दोन गुडघ्यांत पकडलं, हॅन्डल दोन्ही हातांनी धरून एक हिसका दिला आणि वाकडं झालेलं हॅन्डल सरळ केलं. पँटला दोन्हीकडे चिखल लागला. त्याने तो बघितलाही नाही. बाबा, तो हिसका अगदी तुमचा होता. मी तिसरीत असताना कॅनॉलच्या रस्त्यावर पडले, तेव्हा तुम्ही आधी हॅन्डल सरळ केलं होतंत आणि मग मला उचललं होतं. त्यावरून आई तुमच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

तेव्हापासून ओल्या रस्त्यावर लोखंडी झाकण दिसलं की मी त्याला वळसा घालते. मागे लाल दिवा लावलाय, तो दिवसाही चालू ठेवते.

पंक्चर वर्षभरात एकदाच झालं, गेल्या महिन्यात, लक्ष्मी रोडच्या मागे. तिथे एक म्हातारे चाचा फुटपाथवर बसतात. त्यांनी पट्टीने टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवत नेली. एके जागी बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. तिथे बोट दाबून धरलं, ट्यूब पुसली, कानशीने घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर मारत थांबले. ठिगळ बसवून वर हातोडीने हलके ठोके. मग टायरच्या आतून अंगठा फिरवत गेले आणि बाभळीचा काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला, दवाखान्यात काढलेला दात देतात तसा.

त्यांच्या पत्र्याच्या डब्यात मला व्हॉल्व्हट्यूब दिसली. व्हॉल्व्हवर चढवायची रबराची बारीक नळी, काळी, शेवयीपेक्षा थोडी जाड. माझ्या सायकलला ती लागत नाही, पण मी दहा रुपये देऊन वीतभर मागून घेतली. तुमच्या खिशात कायम असायची ना, बाबा, कागदाच्या पुडीत? पेराएवढा तुकडा कापायचा आणि थुंकी लावून व्हॉल्व्हवर चढवायचा, ते काम माझं होतं. चाचांना तुमचं सांगितलं, कुठले म्हणून त्यांनी विचारलं, आणि मग मी तुम्ही सांगता ती लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट त्यांना सांगितली. १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान, चालवायला शिकवायची फी पंधरा रुपये, आणि मग नांगर, आणि मग १९१० साली आपली वाडी. चाचा म्हणाले, "म्हणजे एवढा मोठा कारखाना आमच्याच धंद्यातून निघाला." त्यांना फार आनंद झाला. तुम्हाला आणखी एक सांगते, हे तुम्हाला नक्की आवडेल. ज्या डनलॉपने हवेचा टायर केला, तो बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून त्याने तो केला, आणि त्याचं पेटंट त्याच १८८८ सालचं.

बाबा, फाउंड्रीतून तुम्ही घरी यायचात, तेव्हा अंगणात सायकल लावून लगेच आत येत नव्हता. चेनला बोट लावून बघायचात, सीटवर फडकं मारायचात, तिथेच थोडा वेळ उभे राहायचात. आई आतून हाक मारायची, चहा निवतोय म्हणून. मला वाटायचं, दमले असतील. भोंगा झाल्यावर फाटकातून सायकलींची रांगच्या रांग बाहेर पडायची आणि तिच्यात मी तुम्हाला लांबूनच ओळखायची, कारण तुम्ही बहुतेक शीळ वाजवत असायचात. घरात मी तुमची शीळ कधी ऐकली नाही. आता पौड फाट्यापासून पुढे जरा सपाट रस्ता लागला की माझ्याही तोंडून काहीतरी गुणगुणणं सुरू होतं. दिवसभरात कुणी काय बोललं, कुठलं बिल अडकलं, ते नळ स्टॉपपर्यंत डोक्यात असतं. चढ लागला की धाप एवढी लागते की राग धरायला जागाच उरत नाही. घरी येते ती भुकेली येते, वैतागलेली येत नाही. यांनाच विचारा.

तुमची डबल बारची जुनी सायकल सोप्यात पोतं टाकून ठेवली आहे, ती भंगारवाल्याला देऊ नका. आई म्हणाली तो दोनदा विचारून गेला. दिवाळीला आले की मी ती पुसून, ग्रीस घालून ठेवीन. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा आणि चुका काढा.

आणि आई, ओंकारच्या गिअरच्या सायकलला मी कॅरिअर बसवून घेतलंय. दुकानदार तयारच नव्हता, म्हणे शोभत नाही. पण मंडईतून भाजी आणायला मला हवं होतं. तू बाबांच्या मागे एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन बाजाराला जायचीस, आणि बाबांनी खड्डा चुकवला नाही की त्यांच्या पाठीत बुक्की मारायचीस. माघात इकडे येणार आहेस ना? घाबरू नको, मी तुला बसवणार नाही. पण तुला वाटलंच, तर सकाळी सहाला आमच्या कॉलनीतला रस्ता मोकळा असतो, आणि खड्डे कुठे आहेत ते मला पाठ आहेत.

पाहुण्यांना व शेजारी नमस्कार. डोळ्यातले थेंब वेळेवर घाला.

तुमची,
मीना